‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पार्सल मात्र नाही: दारातून गेलेल्या वस्तूचे पैसे परत कसे मिळवायचे

लक्षणं आधी बघू, कारण एकाच मेसेजमागं चार वेगवेगळे बिघाड असतात. दुपारी तुम्ही कामावर असताना ‘पार्सल पोचवलं’ असा मेसेज येतो आणि संध्याकाळी घरी येऊन बघावं तर दाराशी काही नसतं. अशा वेळी ॲपमध्ये ती ऑर्डर उघडा आणि काय दिसतं ते नीट बघा.

फोटो आहे, पण दार तुमचं नाही. फरशी वेगळी, ग्रिल वेगळं, कधी तर नुसता जिना. हे पार्सल चुकीच्या घरी गेलंय.

फोटोत दार तुमचंच आहे, चपलाही तुमच्याच आहेत, पार्सलही दिसतंय, पण तुम्ही येईपर्यंत ते नाहीसं झालं. ही खरी दारातली चोरी.

फोटोच नाही. ‘ग्राहकाला हातात दिलं’ एवढंच लिहिलंय, किंवा घरात कुणाचंच नाही असं एखादं नाव आहे. पार्सल आलंच नसेल आणि दिवसाचं काम पूर्ण दाखवायला बटण दाबलं असेल, ही शक्यता इथं मोठी.

चौथा प्रकार ओटीपीचा. दुपारी फोन आला, ‘ओटीपी सांगा, दारात ठेवून जातो,’ आणि घरातल्या कुणीतरी तो सांगून टाकला.

खोकं मिळालं पण आत भलतंच निघालं, हा वेगळा विषय आहे. तो इथं घेत नाही.

सांगलीतल्या विश्रामबागेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, परीक्षेचे फॉर्म, वीजबिलं यांच्या रांगेत आता मोबाईल पुढं धरून ‘हे बघा हो जरा’ म्हणणारी माणसंही असतात. दिवाळीच्या आधी आणि मोठ्या सेलच्या आठवड्यात तर फार. त्यातल्या पुष्कळांचे पैसे परत मिळाले. ज्यांचे मिळाले नाहीत, त्यांच्याकडं बहुतेक वेळा एकच गोष्ट नव्हती: पहिल्या दिवशीचं लेखी काही. त्यांनी डिलिव्हरीवाल्याशी फोनवर भांडण केलं, कस्टमर केअरशी बोलताना आवाज चढवला, पण ॲपमध्ये एक ओळ लिहिली नाही.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा, म्हणजे समोरचा ‘आमच्या सिस्टीमला डिलिव्हर्ड दिसतंय’ म्हणाला की तुम्ही गप्प बसणार नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ३३ प्रमाणं वस्तूची पोच म्हणजे ती खरेदीदाराच्या किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाच्या ताब्यात येणं, किंवा पोच म्हणून दोघांनी जे मान्य केलं असेल ते होणं. कुणी घरात नसताना जिन्यात ठेवलेलं खोकं तुमच्या ताब्यात आलेलं नसतं. कंपनीकडं याच कायद्याचं कलम ३९ असतं: विक्रेत्यानं माल वाहतूकदाराकडं दिला की तो खरेदीदाराला पोचला असं सकृतदर्शनी मानतात. पण सकृतदर्शनी म्हणजे उलट पुरावा येईपर्यंतच. शिवाय घरपोच देण्याचं आश्वासन देऊन पैसे घेतले असतील तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीचा प्रश्न उभा राहतोच. आता तपासण्या, सोप्यापासून अवघडाकडं.

घर, शेजार, पत्ता

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. घरातल्या सगळ्यांना विचारा, सासूबाईंना आणि शाळेतून आलेल्या पोरांनाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना, वॉचमनला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. मीटरच्या पेटीमागं, जिन्याखाली, गाडीच्या सीटवर बघा. डिलिव्हरीची पोरं वस्तू लपवून ठेवतात आणि सांगायचं राहून जातं, असं खूपदा होतं.

मग ऑर्डरमधला पत्ता वाचा. आपल्याकडं पत्ता खुणेनं चालतो: मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ. शहरात अशी देवळं किती आणि टाक्या किती! त्यात पिनकोड चुकला तर बघायलाच नको. सांगली शहराचा ४१६४१६, विश्रामबागेचा ४१६४१५, मिरजेचा ४१६४१०. शामरावनगरात राहणाऱ्या माणसाच्या ॲपमध्ये मिरजेतल्या मावशीचा जुना पत्ता पहिला राहिलेला असतो आणि पार्सल इमानानं मावशीकडं जातं.

हे आधी करायचं कारण असं की तक्रार केल्यावर वस्तू घरातच सापडली तर पुढच्या खऱ्या तक्रारीला वजन राहत नाही. पत्ता तुम्हीच चुकीचा दिला असेल तर हक्काची बाजू लंगडी पडते, हेही आधीच कळलेलं बरं.

स्क्रीनशॉट, तक्रारीच्या आधी

ऑर्डरचं पान, बिल, विक्रेत्याचं नाव, ट्रॅकिंगची प्रत्येक ओळ वेळेसकट, पोच दिल्याचा फोटो, आलेले मेसेज, त्या दिवसाची कॉल यादी. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. तक्रार नोंदवली की ॲपमधलं पान बदलतं, ट्रॅकिंग आखडतं, कधी पोचेचा फोटोही दिसेनासा होतो.

वेळेकडं खास बघा. ‘१:४० ला हातात दिलं’ असं लिहिलंय आणि १:४० ला तुम्ही कुपवाड एमआयडीसीत कामावर होता, घराला कुलूप होतं, तर हजेरीची नोंद तुमच्या बाजूनं बोलते. ट्रॅकिंगमध्ये पार्सल बाहेर पडल्याची आणि पोचल्याची वेळ पाचच मिनिटांच्या अंतरानं असेल तर तेही लिहून ठेवा.

डिलिव्हरीवाल्याला एक फोन, शांतपणे

एकच. ‘दादा, पार्सल नेमकं कुठं ठेवलं? कुणाच्या हातात दिलं?’ एवढं विचारा आणि तो जे सांगेल ते त्याच नंबरवर मेसेज करून पाठवा: ‘आपण आत्ता सांगितलंत की पार्सल गेटवर ठेवलं.’ उत्तर आलं तर ठीकच, नाही आलं तरी तुमचा मेसेज तारखेसकट राहतो.

त्याला चोर म्हणू नका. पुरावा नसताना सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव, फोटो टाकू नका. बदनामीची तक्रार उलटू शकते, हे एक. त्याहून मोठं म्हणजे हे पोरगं उन्हात दिवसभर गाडीवर असतं, मजुरी पार्सलवर मिळते आणि हरवलेल्या मालाचे पैसे पुष्कळदा त्याच्याच हिशोबातून कापले जातात. तुमचा व्यवहार कंपनीशी आहे, पैसे कंपनीनं घेतलेत. त्या पोराकडून वसुली करून प्रकरण मिटवायला कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

कॅमेरा, त्याच दिवशी

सोसायटीचा किंवा समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर उद्यावर ढकलू नका. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. स्वस्तातल्या यंत्रात तर काही दिवसांतच. सेक्रेटरीला दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच दिल्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून तुम्ही घरी येईपर्यंतचं चित्रण पेन ड्राईव्हवर घ्या. मोबाईलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून भागवू नका, मूळ फाईल घ्या. यंत्राचं घड्याळ पुढंमागं असतं, तेव्हा खरी वेळ आणि यंत्रातली वेळ दोन्ही अर्जावरच लिहून ठेवा.

प्रकरण न्यायालयात गेलं तर असल्या फाईलसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र लागतं. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचं नाव आणि यंत्राचा नंबर आत्ताच टिपून ठेवला तर पुढं धावपळ होत नाही.

चित्रणात दुसराच कुणीतरी खोकं उचलताना दिसला, तरी कंपनीची जबाबदारी आपोआप संपत नाही. घरात कुणी नसताना आणि तुम्ही सांगितलेलं नसताना खोकं उघड्यावर का ठेवलं, हा प्रश्न तसाच राहतो.

ॲपमधली लेखी तक्रार

या सगळ्या लेखात हीच पायरी मोलाची, म्हणून इथं थोडा थांबतो. ‘वस्तू मिळाली नाही’ कळवण्याची मुदत बहुतेक ॲपवर काही दिवसांचीच असते, आणि उशीर झाला की पुढं प्रत्येक ठिकाणी ‘इतके दिवस काय केलं?’ हे ऐकावं लागतं. त्याच दिवशी लिहा. राग नको, विशेषणं नकोत. दुकानात मी साधारण असा मजकूर लिहून देतो:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, रक्कम अमुक. आपल्या नोंदीप्रमाणे हे पार्सल अमुक तारखेला अमुक वेळी पोचवले आहे. ते मला किंवा मी अधिकार दिलेल्या कोणत्याही व्यक्तीला मिळालेले नाही. दाराबाहेर ठेवण्याची सूचना मी दिलेली नव्हती. ओटीपी कोणालाही दिलेला नाही. पोच कोणाच्या हातात दिली, त्याची सही किंवा ओटीपीची नोंद आणि पोच दिल्याच्या जागेचे लोकेशन कळवावे. संपूर्ण रक्कम परत करावी किंवा वस्तू पुन्हा पाठवावी. तक्रार क्रमांक द्यावा.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल तरच ठेवा. ओटीपी दिला असेल तर दिला म्हणून लिहा. ‘फोनवर सांगितलं म्हणून दिला, वस्तू मात्र हातात मिळाली नाही.’ लपवलेली गोष्ट त्यांच्या नोंदीत निघाली की बाकीचं खरंही खोटं ठरतं.

इथंच प्रकारांप्रमाणं तुमची बाजू किती भक्कम ते ठरतं. फोटोत दुसऱ्याचं दार किंवा खोट्या नावाची पोच: बाजू सगळ्यांत पक्की. तुमचंच दार, पण ठेवा असं तुम्ही सांगितलं नव्हतं: बाजू चांगली, कंपनी जरा ओढाताण करेल. ॲपमध्ये तुम्हीच ‘दाराबाहेर ठेवा’ निवडलंय किंवा ‘खालच्या काकूंकडं द्या’ सांगितलंय: अवघड, कारण तुम्हीच जागा किंवा माणूस ठरवून दिलात. ओटीपी सांगितलाय: त्याहून अवघड, पण पोरानं तो फोनवर मागितल्याची कॉल नोंद असेल तर लढता येतं. आणि पैसे वस्तू मिळाल्यावर द्यायचे होते, दिलेच नाहीत, तर तुमचं काही गेलेलंच नाही. नोंद दुरुस्त करायला सांगा आणि सोडून द्या.

उत्तर साच्यातलं येईल: ‘तपास केला, पार्सल पोचलेले आहे.’ तिथं थांबू नका.

तक्रार निवारण अधिकारी

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव, संपर्क आपल्या वेबसाइटवर देणं बंधनकारक केलंय. ते बहुधा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. ॲपमधली सगळी देवाणघेवाण, स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जोडून ईमेल पाठवा. कस्टमर केअरच्या पोरींना साच्याबाहेर जायचा अधिकार नसतो, या माणसाला असतो. कितीतरी प्रकरणं इथंच मिटतात.

त्याच ईमेलमध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि संपर्क मागा. तुमच्या लेखी विनंतीवर ती माहिती देणं या नियमांप्रमाणं बंधनकारक आहे, आणि पुढं ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर नोटीस पाठवायला ती लागते.

बँक आणि १९१५

कार्डानं पैसे दिले असतील तर वस्तू मिळाली नाही या कारणावरून बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. याला मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत महिने घालवू नका. यूपीआयच्या ॲपमध्येही व्यवहारावर वाद नोंदवायची सोय असते. तिथून हमखास पैसे येतील असं मात्र नाही.

त्याच सुमाराला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. मराठीत बोलता येतं, वेबसाइट आणि ॲपवरूनही तक्रार नोंदते, शुल्क नाही. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती आदेश देत नाही. पण मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत आणि तिकडून आलेली तक्रार त्यांच्याकडं वरच्या टेबलावर जाते. तीनचारशे रुपयांची वस्तू असेल तर माझ्या मते इथपर्यंत यावं आणि थांबावं. पण इथपर्यंत यावंच. ‘जाऊ दे, तीनशेच रुपये’ म्हणून सगळेच सोडून देतात, म्हणूनच दारात टाकून जायची सवय वाढते.

पोलीस

खरी चोरी असेल, विशेषतः कॅमेऱ्यात माणूस दिसत असेल, तर आपल्या हद्दीतल्या ठाण्यात जा. विश्रामबाग, संजयनगर, सांगली शहर, जे असेल ते. रकमेवरून फरक पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीसाठी पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं वस्तू परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे तिथं एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होईल, एफआयआर नाही. त्यावरून ठाण्यात वाद घालू नका; एनसीची प्रत घ्या. पाच हजार आणि वर असेल तर एफआयआर मागा. त्याची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो.

कंपनी कधीकधी म्हणते, ‘आधी एफआयआर आणा, मग बघू.’ त्यावर लेखी विचारा: हे कोणत्या अटीत लिहिलंय? पार्सल तुमच्या ताब्यात आलेलंच नाही, तेव्हा चोरी त्यांच्या ताब्यातून झाली. फिर्याद त्यांनीही द्यावी.

‘पार्सल अडकलंय, पाच रुपये भरा’ अशा लिंकवर कुणी बोट ठेवलं आणि खात्यातून पैसे गेले, तर ही पार्सलची तक्रार राहत नाही. वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. तिथं मिनिटं मोजावी लागतात.

ग्राहक आयोग

महिना उलटला, पैसे नाहीत. मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो नाहीतर गुरुग्रामला, २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे.

आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवावी. ती सक्तीची नसली तरी उपयोगाची. तक्रारीत पोर्टल कंपनी, विक्रेता आणि कुरिअर तिघांनाही पक्षकार करा, नाहीतर हजर असलेला प्रत्येक जण गैरहजर असलेल्याकडं बोट दाखवतो. मागणी स्पष्ट लिहा: रक्कम, व्याज, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. तारखा लांबतात, हे धरून चला. पण नोटीस गेल्यावर तडजोडीचा फोन येणं काही नवलाचं नाही.

पोस्टानं आलेल्या वस्तूला हा सगळा मार्ग जसाच्या तसा लागू नाही. टपाल खात्याची जबाबदारी त्याच्या स्वतंत्र कायद्यानं मर्यादित आहे. तिथं आधी खात्याकडंच तक्रार करा, आणि किमती वस्तू पाठवताना विमा उतरवा. तसंच तुम्ही स्वतः कुरिअरनं बेदाणा, हळद पाठवली आणि ती हरवली तर पावतीमागची जबाबदारीची मर्यादा वाचा. सही केलेल्या पावतीवरची तशी मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ग्राह्य धरली होती. किंमत जाहीर केल्याशिवाय किमती माल देऊ नका.

इथं थांबा आणि वकील गाठा

कंपनीनं तुमच्यावरच खोट्या तक्रारीचा आरोप करून खातं बंद केलं असेल, तर पुढचं एक वाक्यही स्वतः लिहू नका. वस्तू दुकानासाठी, विकायला मागवली असेल तरीही थांबा: व्यापारी हेतूची खरेदी ग्राहक कायद्याच्या बाहेर जाते, स्वतःच्या पोटापाण्याच्या छोट्या धंद्याला सवलत आहे, पण ती सिद्ध करावी लागते. लॅपटॉप, दागिना, महागडा मोबाईल अशी रक्कम असेल, समोरून वकील हजर झाला असेल, किंवा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला असेल (राज्य आयोगाकडं अपिलाची मुदत ४५ दिवस), तर आमच्यासारख्या फॉर्म भरणाऱ्याचं काम तिथं संपतं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून सोडून देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विजयनगरला जिल्हा न्यायालयात आहे, फोन १५१००. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना बिल, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, तक्रार क्रमांक, एनसी किंवा एफआयआरची प्रत आणि कॅमेऱ्याचा पेन ड्राईव्ह तारखेच्या क्रमानं एका फाईलमध्ये लावून न्या.